गोळीला पत्ता मिळाला तर: अपस्मार आणि केमोजेनेटिक्स

माझी मावशी कराडजवळच्या एका गावात शिवणकाम करते. तिची फिट कायम उजव्या अंगठ्यापासून सुरू होते. आधी अंगठा फडफडायला लागतो, मग बोटं, मनगट, कोपर, खांदा असं ते वर चढत जातं आणि तोंडाची उजवी बाजू ओढली जाते. कधी तेवढ्यावरच थांबतं. कधी ती कोसळते आणि शुद्ध हरपते. मी लहान असताना घरातली मोठी माणसं तिच्या नाकाशी चप्पल धरायची, नाहीतर फोडलेला कांदा. (दोन्हींचा काडीचाही उपयोग नसतो. माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवावं, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर लगेच दवाखाना गाठावा.)

दोन वर्षांपूर्वी तिची पहिल्यांदा व्यवस्थित तपासणी झाली. एमआरआय झाला, कॅमेऱ्यासमोर झोपवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, उजवा हात हलवणाऱ्या पट्ट्यात, एक जुना व्रण सापडला. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, "जागा सापडली, पण ती काढता येणार नाही. काढली तर हात लुळा पडेल." मावशीने विचारलं, "मग मी शिवू कशानं?"

गेल्या महिन्यात मावसभावाने मला केमोजेनेटिक्स नावाच्या पद्धतीवरचा एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, विषाणू घालून फिट थांबवतात म्हणे. खरं आहे का? आईला होईल का?" मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून घरातले असे प्रश्न माझ्याकडेच येतात. दोन ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ठिणगी कुठे पडते

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशी शेजारणींना विजेचे आणि रसायनांचे निरोप पाठवत असते. काही पेशी "चल, पेट" असा निरोप देतात, काही "थांब" असा. या दोघींचा तोल राहिला की हात हवा तेव्हा हलतो आणि हवा तेव्हा थांबतो. तोल बिघडला की एका भागातल्या हजारो पेशी एका तालात पेटायला लागतात. हीच फिट. अपस्मार म्हणजे असे झटके पुन्हा पुन्हा येण्याची मेंदूची प्रवृत्ती.

काही लोकांत हा भडका एकदम सगळ्या मेंदूभर होतो. पण पुष्कळांत तो एका ठरावीक जागी सुरू होतो आणि तिथून पसरतो. त्याला फोकल अपस्मार म्हणतात. आपल्याकडे त्याची कारणं ओळखीचीच आहेत: हेल्मेटशिवाय गाडीवरून पडून डोक्याला लागलेला मार, जन्माच्या वेळी बाळाला कमी पडलेला प्राणवायू, पक्षाघात, आणि न धुतलेल्या भाज्यांतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात गेलेली पट्टकृमीची अंडी. त्यातून तयार झालेल्या अळ्यांच्या गाठी मेंदूत बसतात. गाठ मरून सुकली तरी तिचा चुनखडीसारखा ठिपका मागे राहतो आणि वर्षानुवर्षं त्याच जागी ठिणगी पाडतो.

अंगठ्यापासून खांद्याकडे चढत जाणाऱ्या झटक्यांकडे सर्वांत बारकाईने पाहिलं ते जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी, एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात. त्या काळी ना ईईजी होता ना क्ष-किरण. निव्वळ झटक्याचा क्रम बघून त्यांनी अनुमान काढलं की मेंदूच्या पृष्ठभागावर अंगठा, बोटं, मनगट, खांदा यांच्या जागा शेजारी शेजारी मांडलेल्या असल्या पाहिजेत आणि ठिणगी त्या क्रमाने सरकत असली पाहिजे. ते बरोबर निघालं. त्यांच्याच तर्कावर विसंबून १८८६ साली व्हिक्टर हॉर्स्ली या शल्यविशारदांनी, लहानपणी डोक्याला मार लागलेल्या एका तरुणाच्या मेंदूतला व्रण कापून काढला आणि त्याचे झटके थांबले. मावशीच्या डॉक्टरांनी "जागा सापडली" म्हटलं, त्या वाक्यामागे हा सगळा इतिहास आहे. क्वीन स्क्वेअरचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

औषधाला पत्ता नसतो

जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य औषध नियमित घेतलं तर त्यातले साधारण ७० टक्के लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांच्या पालकांना वारंवार सांगतो, कारण अजूनही मुलीची फिट लग्न ठरेपर्यंत लपवली जाते आणि लपवायची म्हणून गोळ्याही अर्धवट घेतल्या जातात. विवाह कायद्यातून, लग्नाला अडसर म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ साली काढला गेला. बोलण्यातून तो अजून गेलेला नाही.

पण उरलेल्या तीस टक्क्यांचं काय? दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाने थांबण्याची शक्यता कमी कमी होत जाते. मावशी याच गटातली. तिची तीन औषधं झाली.

औषधाची अडचण अशी की ते पोटात जातं, रक्तात मिसळतं आणि मेंदूत सगळीकडे सारखंच पोचतं. आमच्या गावच्या भाषेत सांगायचं तर एका वाडीतल्या मोटारीत शॉर्टसर्किट होतंय आणि ते रोखायला आपण सगळ्या तालुक्याचं व्होल्टेज कमी करतोय. ठिणग्या कमी होतात, पण दिवेही मिणमिणतात. फेनिटॉइन हे औषध १९३८ पासून वापरात आहे. त्याने लाखो लोकांचे झटके थांबले, पण त्याने झापड येते, चालताना तोल जातो, हिरड्या सुजून वाढतात. मावशी म्हणायची, "मशीनवर बसलं की डोळ्यापुढं धुकं येतं."

शस्त्रक्रिया म्हणजे त्या वाडीची तार कायमची तोडणं. जिथे वस्ती विरळ आहे तिथे हे उत्तम. कानाजवळच्या टेम्पोरल भागातून झटके येत असतील तर शस्त्रक्रियेचा फायदा मोठा असतो. २००१ साली कॅनडात झालेल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षभराने शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटातले ८ टक्के. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसारख्या ठिकाणी अशा शस्त्रक्रिया नियमित होतात आणि ज्यांना त्या लागू आहेत त्यांनी घाबरून टाळू नयेत असं माझं ठाम मत आहे.

मात्र बोलण्याची, समजण्याची, हात हलवण्याची जागा कापता येत नाही. आणि एकदा कापलं की परत जोडता येत नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलॅसन नावाच्या तरुणाचे झटके थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग काढला. झटके बरेच कमी झाले. पण पुढची पंचावन्न वर्षं, २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत, त्याला नवीन घडलेली गोष्ट लक्षात ठेवता आली नाही. भेटायला आलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याला तो नवाच वाटायचा. स्मृतीबद्दल आज विज्ञानाला जे ठाऊक आहे त्यातलं फार मोठं देणं या एका माणसाचं आहे.

म्हणजे हवं आहे ते असं: जागा नेमकी तीच, पण तार न तोडता. तिथे एक बटन बसवता आलं पाहिजे. ते हवं तेव्हा दाबता यावं, नको तेव्हा सोडता यावं. केमोजेनेटिक्स म्हणजे हे बटन. "केमो" म्हणजे रसायन, म्हणजे गोळी. "जेनेटिक्स" म्हणजे जनुक. जनुकाने जागा ठरते, गोळीने वेळ आणि मात्रा ठरते.

यीस्टमध्ये घडवलेलं कुलूप

चेतापेशीच्या अंगावर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. विशिष्ट रसायन येऊन त्यांना चिकटलं की पेशीच्या आत काहीतरी घडतं. कुलूप आणि किल्ली म्हणा. ॲसिटिलकोलिन ही शरीरातली अशीच एक किल्ली आणि मस्करिनिक रिसेप्टर हे तिचं एक कुलूप.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या ब्रायन रॉथ यांच्या गटाला असं कुलूप हवं होतं जे शरीरातल्या कुठल्याच किल्लीने उघडणार नाही, फक्त आपण बाहेरून दिलेल्या किल्लीने उघडेल. ते कागदावर आराखडा काढून बनवता येत नव्हतं. म्हणून त्यांनी यीस्टची मदत घेतली, तेच यीस्ट ज्याने पाव फुगतो. यीस्टमध्ये माणसाच्या मस्करिनिक रिसेप्टरचं जनुक घातलं आणि अशी व्यवस्था केली की त्या रिसेप्टरला संदेश मिळाला तरच यीस्ट वाढेल, नाहीतर उपाशी राहील. मग जनुकात जागोजाग बदल केले आणि ताटलीत क्लोझापिन-एन-ऑक्साइड हे, शरीरात फारसं काही न करणारं समजलं जाणारं रसायन घातलं. ज्या यीस्टच्या कुलपात ते योगायोगाने बसलं, ते यीस्ट वाढलं. ते उचललं, पुन्हा बदल केले, पुन्हा निवडलं. आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या चांगलं कणीस बियाण्याला ठेवलं, तीच रीत, फक्त ताटलीत आणि थोड्या दिवसांत.

शेवटी हाती आला तो रिसेप्टर मूळच्यापेक्षा अवघ्या दोन जागी वेगळा होता. तेवढ्याने ॲसिटिलकोलिनने त्याला जाग येईनाशी झाली आणि नव्या किल्लीने लगेच येऊ लागली. हेच दोन बदल त्याच घराण्यातल्या इतर रिसेप्टरांतही करता आले. २००७ साली हे काम प्रसिद्ध झालं. या कुलपांना ड्रेड म्हणतात. त्यांचं पूर्ण नाव लांबलचक इंग्रजी आहे, अर्थ एवढाच की खास घडवलेल्या औषधानेच जागा होणारा खास घडवलेला रिसेप्टर.

यातल्या एका ड्रेडने पेशी चेतते, एकाने शांत होते. अपस्मारासाठी मुख्यतः शांत करणारा वापरतात. किल्ली बसली की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं उघडतात, धन भार बाहेर निघून जातो आणि पेशीला पेटणं अवघड होतं. शिवाय शेजारणीला पाठवायच्या निरोपाचं रसायनही कमी सुटतं. पेशी मरत नाही की पूर्ण गप्प होत नाही. तिला पेटायला जास्त कारण लागतं, इतकंच. मला या पद्धतीतली सर्वांत आश्वासक गोष्ट हीच वाटते, कारण झटका थांबवायला पेशी बंद पाडावी लागत नाही. सगळ्यांनी एका तालात पेटणं मोडलं की पुरतं.

आता हे कुलूप मावशीच्या त्या व्रणाभोवतीच्या पेशींवर बसवायचं कसं? इथे व्हिडिओतला विषाणू येतो. त्याचं नाव ॲडिनो-असोसिएटेड विषाणू, म्हणजे एएव्ही. त्याने माणसाला कुठला रोग झाल्याचं माहीत नाही. त्याच्या आतलं स्वतःचं सामान काढून टाकतात आणि आपलं जनुक भरतात. हे टपालाचं रिकामं पाकीट समजा, त्यात जनुकाची साधारण ४,७०० अक्षरं मावतात. शांत करणाऱ्या ड्रेडचं जनुक दीड हजार अक्षरांच्या आतलं, त्यामुळे ते आरामात बसतं आणि सोबत एक सूचनाही जोडता येते: "हे जनुक फक्त चेतवणाऱ्या पेशींनीच वाचावं." थांबवणाऱ्या पेशींनी ते वाचलं तर उलटाच परिणाम व्हायचा.

कवटीला बारीक छिद्र पाडून सुईने हे द्रव ठरलेल्या जागी सोडतात. जनुक पेशीत जाऊन रिसेप्टर तयार व्हायला काही आठवडे लागतात. चेतापेशी विभागून नवीन होत नसल्याने जनुक तिथे दीर्घकाळ राहतं. बाकीच्या मेंदूत ते नाहीच. मग गोळी घेतली की ती नेहमीसारखीच सगळीकडे जाते, पण कुलूप एकाच वाडीत असल्याने काम तिथेच करते. गोळीला पत्ता मिळतो.

उंदीर ते माकड

अपस्मारावर हे चालतं हे पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं २०१४ साली. कुठे? क्वीन स्क्वेअरमध्येच. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या डिमिट्री कुलमन यांच्या गटाने उंदरांच्या हालचालीच्या पट्ट्यात, म्हणजे मावशीचा व्रण आहे तशाच भागात, शांत करणारा ड्रेड बसवला. मग दोन वेगवेगळ्या रसायनांनी तिथे झटके आणले आणि किल्लीचं औषध पोटात टोचलं. झटके कमी झाले. तिथेच दीर्घकाळ आपोआप झटके येत राहतील असा अपस्मार निर्माण केलेल्या उंदरांतही परिणाम दिसला. ज्या गल्लीत हॉर्स्लींनी सुरीने व्रण काढला, तिथेच सव्वाशे वर्षांनी सुरी न लावता तो शांत करण्याचा प्रयोग झाला, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये टेम्पोरल अपस्मार असलेल्या उंदरांत आपोआप येणारे झटके या पद्धतीने दीर्घकाळ दाबून ठेवता येतात असं दाखवलं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण प्रयोगशाळेत मुद्दाम आणलेला एक झटका थांबवणं वेगळं आणि रोज कधीतरी येणारा झटका महिनोन् महिने आवरून धरणं वेगळं. रुग्ण दुसऱ्या प्रकारात जगतो.

मग २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी मकाक माकडांत हेच केलं. हालचालीच्या पट्ट्यात ड्रेड, तिथेच रसायनाने आणलेला झटका, आणि मग टोचून दिलेलं औषध. झटका ओसरला. माकडाचा मेंदू उंदरापेक्षा आपल्या कितीतरी जवळचा असल्याने हे पाऊल मोठं आहे.

या प्रयोगांतली किल्ली सारखी नव्हती, आणि त्यामागची कहाणी सांगण्यासारखी आहे. क्लोझापिन-एन-ऑक्साइड शरीरात काही करत नाही असं दहा वर्षं सगळे धरून चालले होते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की ते मेंदूत फारसं शिरतच नाही. शरीरात त्याचं थोडं क्लोझापिन होतं आणि ते क्लोझापिन मेंदूत जाऊन कुलूप उघडतं. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं जुनं आणि प्रभावी औषध. पण त्याने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात, म्हणून नियमित रक्त तपासावं लागतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे जास्त मात्रेत क्लोझापिननेच फिट येऊ शकते. ड्रेडला लागणारी मात्रा त्या मानाने खूप कमी असते, तरीही अपस्माराच्या रुग्णाला हे देताना कोणताही डॉक्टर दहादा विचार करेल.

या शोधाने अनेक जुने प्रयोग पुन्हा तपासावे लागले. विज्ञानाची ही बाजू मी मुलांना मुद्दाम सांगतो. ज्यांनी चूक दाखवली त्यांच्यामुळेच चांगल्या किल्ल्यांचा शोध जोरात सुरू झाला. २०१९ मध्ये लंडनच्याच गटाने दाखवलं की ओलान्झापिन, जे कुठल्याही तालुक्याच्या औषध दुकानात चिठ्ठीवर मिळतं, तेही या कुलपात उत्तम बसतं. जपानमध्ये डेस्क्लोरोक्लोझापिन तयार झालं. ते मेंदूत झटपट पोचतं, फारच कमी मात्रेत चालतं आणि इतर रिसेप्टरांना फारसं छेडत नाही. माकडांच्या प्रयोगात हेच वापरलं. आणखी एका गटाने वेगळंच कुलूप घडवलं, ज्याची किल्ली व्हरेनिक्लिन, म्हणजे सिगारेट सोडवायला देतात ती गोळी. माणसांत आधीच वापरात असलेली, सुरक्षिततेची माहिती असलेली किल्ली मिळाली तर पुढची वाट बरीच सोपी होते.

वेळेचं काय

मावसभावाचा एक प्रश्न असा होता: आईचा अंगठा फडफडायला लागला की लगेच गोळी घेतली तर? झटका एक-दोन मिनिटांत आटोपतो, आणि गिळलेली गोळी रक्तात चढायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेते. म्हणजे चालू झटका त्या गोळीने थांबणार नाही. पण काही जणांना एका मागोमाग एक झटक्यांची माळ लागते. काही स्त्रियांना पाळीच्या दिवसांतच झटके वाढतात. काहींना फक्त झोपेत येतात. अशा वेळी ठरलेल्या दिवसांपुरती किंवा रात्रीपुरती गोळी घेऊन बाकीचा वेळ मेंदूचा तो भाग पूर्ण मोकळा ठेवता येईल. मावशीच्या बाबतीत हेच सर्वांत मोलाचं आहे. गोळीचा अंमल असेपर्यंत तिचा हात कदाचित थोडा जड होईल, पण गोळी उतरली की हात तिचा तिला परत मिळेल. सुरीने गेलेला हात परत मिळत नाही.

तरीही गोळी आठवणीने घ्यायची हे ओझं राहतंच. लंडनच्या गटाने २०१८ मध्ये त्यावरही एक सुंदर उत्तर शोधलं, आणि ते आलं कृमींकडून. काही कृमींच्या चेतापेशींवर ग्लुटामेटने उघडणारं क्लोराइडचं दार असतं. जंतांवर देतात ते आयव्हरमेक्टिन हेच दार उघडं पाडून कृमीला लुळं करतं. माणसात हे दार नाही, म्हणून ते औषध आपल्याला चालतं. ग्लुटामेट हे आपल्या मेंदूतलं "चल, पेट" म्हणणारं मुख्य रसायन. झटक्याच्या वेळी ते पेशींबाहेर साचतं. संशोधकांनी कृमीचं ते दार सुधारून जास्त संवेदनशील केलं आणि उंदरांच्या झटक्याच्या जागी बसवलं. ग्लुटामेट साचलं की दार आपोआप उघडतं, ऋण भार आत येतो, पेशी शांत होतात. ग्लुटामेट ओसरलं की दार मिटतं. ना गोळी, ना वेळापत्रक. फ्यूज कसा जादा भार आला की आपणहून काम करतो, तसं. फरक एवढाच की हा फ्यूज जळत नाही, पुन्हा पुन्हा वापरता येतो.

मला व्यक्तिशः ही वाट जास्त लांबवर जाईल असं वाटतं. पण ड्रेडचा एक फायदा तिच्यात नाही: काही बिनसलं तर गोळी थांबवायची सोय.

मधे काय उरलंय

केमोजेनेटिक्सचा उपचार आज कुठल्याही रुग्णालयात मिळत नाही. कोणी पैसे घेऊन देतो म्हणाला तर तो फसवतोय.

उंदराचा मेंदू दोन ग्रॅमचा, आपला तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. सुईने सोडलेलं द्रव उंदरात झटक्याचा सगळा भाग व्यापतं, माणसात अनेक ठिकाणी टोचावं लागेल. किती ठिकाणी, किती खोल, हे ठरवणं सोपं नाही. बऱ्याच लोकांच्या शरीरात नैसर्गिक संसर्गामुळे एएव्हीविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्याला अडवणारी प्रथिनं, आधीपासून असतात. घातलेलं जनुक परत काढता येत नाही, फक्त गोळी न देऊन निद्रिस्त ठेवता येतं. आणि ज्यांचे झटके एका जागेतून येत नाहीत त्यांना या पद्धतीचा उपयोगच नाही.

अशक्य मात्र यातलं काही नाही. एएव्हीने मेंदूत थेट जनुक सोडण्याचा एक उपचार, लहान मुलांच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचा, युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झाला आहे. म्हणजे सुई आणि पाकीट दोन्ही माणसांत वापरून झालेली आहेत.

मला खरी काळजी किमतीची आहे. स्नायूंच्या आजारावरच्या "१६ कोटींच्या इंजेक्शन"साठी महाराष्ट्रातल्या आईबापांनी लोकांपुढे हात पसरलेले आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिले. तोही एएव्हीवरचाच उपचार. अपस्मार हा दुर्मीळ आजार नाही. देशात कोटभर लोकांना तो आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांना आज काही रुपयांची गोळीसुद्धा नियमित मिळत नाही, उपकेंद्रात साठा संपला की महिनाभर खंड पडतो आणि त्या खंडात झटके उसळतात. नवा उपचार येईल तेव्हा तो पुण्या-मुंबईच्या चार रुग्णालयांपुरता राहू नये असं वाटत असेल तर ही साधी गोळी गावात पोचवण्याची व्यवस्था आधी धड करावी लागेल. तीच व्यवस्था उद्या जागा शोधायला, पाठपुरावा करायला लागणार आहे.

मावसभावाला मी सांगितलं: खरं आहे, पण अजून माणसांपर्यंत आलेलं नाही. आईच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नकोस, परस्पर बंद तर मुळीच करू नकोस, कारण अचानक बंद केल्याने झटक्यांची माळ लागू शकते. तिचा एमआरआय आणि ईईजीचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेव. अशा कुठल्याही उपचाराच्या चाचणीत रुग्ण निवडताना पहिल्यांदा विचारतात ते हेच: झटका कुठून सुरू होतो, किती वेळा येतो, कोणती औषधं देऊन झाली. आणि महिन्याला किती झटके, याची लेखी नोंद मागतात.

नोंद मावशीने सुरू केली आहे. ब्लाउजची मापं लिहायच्या वहीत, मागच्या पानापासून उलटी. तारीख, वेळ, अंगठ्यावर थांबली की खांद्यापर्यंत गेली, पडली की नाही. मागच्या महिन्यात चार नोंदी होत्या. त्यातल्या तीन पहाटेच्या.